गुडघ्यातलं वंगण संपलं म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ५८. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, वाकवला की कटकट वाजतो. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, ‘गॅप कमी झाली आहे.’ घरात आणि शेजारीपाजारी त्याचा अर्थ असा लागला, की वंगण संपलं, आता जेवढं चालाल तेवढी हाडं घासणार. म्हणून तीन महिने चालणं बंद, देवळात जाणं बंद, खाली बसणं बंद. एवढं करूनही दुखणं वाढतंय. तुम्ही विचारलंय, वंगण परत येतं का, त्याचं इंजेक्शन घ्यावं का, आणि आषाढीची पायी वारी आता कायमची सोडायची का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गुडघेदुखीची माणसं सर्वांत जास्त असतात. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यात नेमकं काय आहे हे इथून सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या सगळ्या हकिकतीत मला काळजी वाटली ती एक्स-रेची नाही, त्या तीन महिन्यांची. दुखणं का वाढलं याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे. ते पटायला सांधा आतून कसा असतो आणि कशावर जगतो हे आधी नीट कळायला हवं.

गॅपपासून सुरुवात करू. एक्स-रेमध्ये मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसते, ती पोकळी नसते. एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही, एवढंच. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट कूर्चेचं अस्तर असतं. बहुतेक ठिकाणी ते काही मिलिमीटरच जाड असतं, गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला सर्वांत जाड. शिवाय दोन हाडांच्या मध्ये दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. फट कमी दिसली म्हणजे कूर्चा पातळ झाली असेल किंवा गादी जागची सरकली असेल. आणि एक्स-रे झोपवून काढला की उभं करून, यावरही ती फट बदलते. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे फट खरी असते त्याहून मोठी दिसू शकते. म्हणून गुडघ्याची झीज पाहायची तर एक्स-रे दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला हवा. तुमच्याकडचा कसा काढलाय ते फिल्मवर किंवा रिपोर्टमध्ये बघा. बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं.

आता वंगण. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिच्या आतल्या बाजूला एक नाजूक पातळ आवरण, सायनोव्हियम. हे आवरण रक्तातून गाळून एक चिकट, पारदर्शक द्रव तयार करतं आणि त्यात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड आणि लुब्रिसिन नावाचं प्रथिन मिसळतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव फार तर ३-४ मिलिलिटर असतो. चहाचा चमचाही भरणार नाही एवढा. तेवढ्यावर सांधा इतका सहज फिरतो, की बर्फावर बर्फ घासताना जेवढं घर्षण होतं, त्याहूनही इथलं घर्षण कमी भरतं. हा द्रव आयुष्यभर बनत राहतो, जुना शोषला जातो आणि नवा येतो. झिजेच्या संधिवातात तो संपत नाही. उलट झीज झालेला गुडघा सुजतो तेव्हा आत द्रव जास्त झालेला असतो. फरक पडतो तो त्याच्या प्रतीत, कारण हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं प्रमाण घटतं आणि द्रव पातळ होतो. त्यामुळे ‘वंगण संपलं’ हे ऐकून घाबरलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की तुमच्या गुडघ्यात द्रव आहे, कदाचित हवा त्याहून जास्तच आहे.

या द्रवाचं दुसरं एक काम आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. कूर्चेत रक्तवाहिनी नसते. एकही नाही. शरीराच्या बाकी जवळजवळ सगळ्या भागांना प्राणवायू आणि अन्न रक्तातून मिळतं, कूर्चेच्या पेशींना ते मुख्यतः या द्रवातून घ्यावं लागतं. कूर्चेच्या वजनातला सुमारे ७० ते ८० टक्के भाग पाणी असतो. पाय जमिनीवर टेकला की दाबाने तिच्यातलं थोडं पाणी बाहेर येतं आणि पाय उचलला की ती द्रव आत ओढून घेते, स्पंज दाबून सोडावा तसं. चालताना प्रत्येक पावलागणिक हे घडत असतं. माणूस दिवसभर पाय लांब करून बसला की ही ये-जा मंदावते. टोरोंटोचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांत सांधा जखडून ठेवला की कूर्चा बिघडते आणि हलता ठेवला की तिची भरपाई चांगली होते, हे दाखवलं. १९७०च्या दशकात या कामातूनच ऑपरेशननंतर पाय सतत हळूहळू हलवत ठेवणारं यंत्र आलं. त्याआधी सांध्याला दुखापत झाली की आठवडेच्या आठवडे प्लास्टर, हीच पद्धत होती.

मग तुम्ही विचाराल, कूर्चा झिजलीय म्हणूनच दुखतं ना? इथेही गंमत अशी, की कूर्चेत मज्जातंतूही नसतात. ती स्वतः दुखूच शकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी हे स्वतःच्या गुडघ्यांवर तपासून पाहिलं. सांध्याच्या आत भूल न देता त्यांनी सहकाऱ्याकडून दुर्बिणीने आतला एकेक भाग टोचून घेतला आणि कुठे किती दुखतं याची नोंद केली. १९९८मध्ये ते प्रसिद्ध झालं. सायनोव्हियमला आणि वाटीखालच्या चरबीच्या गादीला हात लागला की कळ असह्य व्हायची, वाटीच्या कूर्चेला टोचलं तर काही कळायचंही नाही. म्हणजे दुखणं येतं ते सुजलेल्या आवरणातून, चरबीच्या गादीतून, कूर्चेखालच्या हाडातून, ताणलेल्या पिशवीतून आणि लिगामेंटमधून, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यांमधून. यातल्या बऱ्याच गोष्टी शांत होऊ शकतात, कूर्चा आहे तेवढीच राहिली तरी. म्हणूनच एक्स-रे वाईट पण दुखणं नाही, आणि एक्स-रे बरा पण पायऱ्या उतरवत नाहीत, अशी दोन्ही तऱ्हेची माणसं मला नेहमी भेटतात. मी फिल्म बाजूला ठेवून आधी माणसाला चालायला लावते ते यासाठी.

आता स्नायूंकडे येऊ. शरीरातले सांधे सारखे नसतात. कवटीच्या हाडांमधले सांधे जवळजवळ हलतच नाहीत, तिथे मेंदूचं रक्षण महत्त्वाचं. खुब्याचा सांधा उखळीचा आहे. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खोल खोबणीत बसलेलं असतं, त्यामुळे तो सहसा निखळत नाही. खांद्याचाही उखळीचाच, पण उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि खांदा निखळतोही लवकर. गुडघा यात वेगळा पडतो. शरीरातली दोन सर्वांत लांब हाडं इथे एकमेकांवर टेकतात, आणि खालच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. हाडांच्या आकारातून मिळणारा आधार फारच थोडा. सांधा जागेवर ठेवायचं काम चार मोठी लिगामेंट, दोन गाद्या आणि भोवतालचे स्नायू करतात. पाठ्यपुस्तकात त्याला बिजागरीचा सांधा म्हणतात, पण तो नुसता उघडमिट करत नाही. वाकताना एक हाड दुसऱ्यावर घरंगळतं आणि सरकतंही, आणि पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेरच्या बाजूला फिरून गुडघा कुलूपबंद होतो. म्हणून सरळ गुडघ्यावर आपण बराच वेळ कमी श्रमात उभे राहू शकतो.

तीन महिन्यांच्या आरामाने हे कुलूप लागेनासं होतं, आणि हे मी फार वेळा पाहिलंय. मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, न वापरल्याने झपाट्याने वाळतो. त्यात गुडघ्यात सूज असेल तर सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेशच या स्नायूला आवरून धरतात. माणूस प्रयत्न करतो तरी स्नायू पूर्ण ताकदीने आवळत नाही. स्नायू कमजोर झाला की गुडघा शेवटपर्यंत सरळ होत नाही. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर चाललं की भार जास्त पडतो, म्हणून आणखी दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो. घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. आईंना पलंगावर पाय पसरून बसवा आणि दोन्ही गुडघ्यांमागे हात घालून बघा. उजव्या गुडघ्याखाली जास्त जागा राहते का? वाटीच्या वर, आतल्या बाजूला मांडीचा जो उंचवटा असतो तो डाव्यापेक्षा सपाट झालाय का? झाला असेल, तर दुखणं का वाढलं याचं निम्मं उत्तर तुमच्या हाताला लागलं.

जिना उतरतानाच का दुखतं, याचंही कारण रचनेत आहे. वाटी क्वाड्रिसेप्सच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात, बसलेली असते आणि स्नायूची ओढ हाडापासून थोडी दूर ठेवून तिचा जोर वाढवते. गुडघा जसा वाकतो तशी ती मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचं सगळं वजन सावकाश खाली सोडायचं असतं, त्यामुळे तो दाब खूप वाढतो. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यांत भार मोजणारी उपकरणं बसवून पाहिलं, तेव्हा सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीनपट भार आला. ६५ किलोच्या बाईसाठी हिशेब करून बघा. दुखणं मुख्यतः जिन्यावर आणि बराच वेळ बसून उठताना असेल, तर मला वाटीमागच्या सांध्याचा संशय आधी येतो. हा प्रकार व्यायामाला चांगली दाद देतो.

कटकट आवाजाबद्दल फार लिहीत नाही. सांध्यातल्या द्रवात दाब अचानक उतरला की वायूची पोकळी तयार होते, तेव्हा कट् असा आवाज होतो. एखादं टेंडन हाडाच्या कडेवरून सरकतानाही होतो, आणि कूर्चा खडबडीत झाली असेल तर कर्र असा आवाज येतो. आवाजाबरोबर दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा अडकत नसेल, तर त्यावर मी काही करत नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सुमारे पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत काही फरक पडला नाही असं १९९८मध्ये प्रसिद्ध केलं. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, पण आवाजाची भीती कमी करायला मी तो सांगते.

तर इथवरचा मुद्दा एवढाच, की द्रव संपलेला नाही, कूर्चा हालचालीवर जगते, दुखणारा भाग बहुधा दुसराच आहे, आणि गुडघा ज्यांच्या आधारावर उभा आहे ते स्नायू आरामाने खंगले आहेत.

आता करायचं काय. मी अशा रुग्णाला पहिल्या आठवड्यात चार गोष्टी देते. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबून पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग पाठीवर झोपून एक पाय दुमडायचा आणि दुखरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय वर नेणं हे खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी. ते कमजोर असतील तर गुडघा आत झुकतो. आणि चौथी, मला सर्वांत आवडणारी, उंच खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं आणि सावकाश बसणं. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, जमायला लागलं की उशी काढा. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते वहीत लिहून ठेवा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ वेळांपेक्षा कमी जमलं तर ते त्या वयाच्या मानाने कमी धरतात. तुमच्या आई त्याहून लहान आहेत.

व्यायाम करताना थोडं दुखेल. त्याचा नियम असा, की दुखणं सोसवेल एवढंच हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखता किंवा सुजलेला नको. तसं झालं तर व्यायाम थांबवायचा नाही, निम्मा करायचा. चालणं आजच सुरू करा, पण सपाट रस्त्यावर, दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. लंगडत चालत असतील तर काही दिवस काठी द्या, आणि ती डाव्या हातात द्या. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी असली की पावलाचा भार वाटला जातो. बहुतेक लोक ती नेमकी दुखऱ्या बाजूला धरतात. जिन्यावर चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर दहाव्या दिवशी सगळं सुटतं.

खाली बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं हे परिस्थितीवर अवलंबून आहे. सूज असेपर्यंत आणि गुडघा पूर्ण वाकवताना कळ येत असेपर्यंत टाळा, शौचाला कमोड वापरा. सूज आणि कळ गेल्यावर मात्र मी पुन्हा जमिनीवर बसायला आणि उठायला शिकवते. आपल्याकडे देवपूजा, पंगत, भजन सगळं जमिनीवर होतं, ते कायमचं सुटलं की माणूस घरातल्या घरात एकटा पडतो. फार झीज असेल, तर चौरंग किंवा पाट हा मधला मार्ग आहे.

वजनाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. जास्त असेल तर एवढं लक्षात घ्या, की वजन जास्त असलेल्या, गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कर लोकांच्या अभ्यासात एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटलेला दिसला. तीन-चार किलो उतरले तरी दिवसाच्या हजारो पावलांत तो हिशेब मोठा होतो.

वारीबद्दल मी ‘सोडा’ म्हणणार नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, सलग चाल आणि मुक्कामी जमिनीवर झोपणं, हे तीन महिने घरात बसलेल्या गुडघ्याला या घडीला झेपणार नाही. पण मधे चार-पाच महिने मिळत असतील, तर तयारी होऊ शकते. दर आठवड्याला चालणं थोडं थोडं वाढवत एका दिवसात दहा-बारा किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच जमलं, गुडघा सुजला नाही, तर मी जायला सांगते. पहिल्या वर्षी सगळे टप्पे पायी करायचा हट्ट नको. आळंदीच्या पालखीबरोबर पुणे-सासवड हा मोठा टप्पा आहे आणि त्यातच दिवे घाटाची चढण. तेवढी गाडीने केली तरी चालेल. देहूच्या पालखीला दिवे घाट नाही, पण रोटी घाट आहे. दिंडीतल्या बायका डोक्यावर तुळस किंवा सामान घेतात, ते यंदा दुसऱ्या कुणाकडे द्या. पायात चांगल्या तळाचे बूट असू देत.

इंजेक्शनचं. वंगणाचं म्हणून देतात ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. काहींना काही महिने बरं वाटतं, पण एकंदर अभ्यासांत सरासरी फायदा लहान आहे आणि अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याचा सरसकट वापर करू नये असं म्हटलंय. त्याने कूर्चा उगवत नाही. खर्च मोठा आहे, म्हणून निदान दोन-तीन महिने नीट व्यायाम केल्याशिवाय मी तिकडे पाठवत नाही. नुसत्या झिजेसाठी दुर्बीण घालून गुडघा ‘साफ’ करून घेण्याच्या मी विरोधात आहे. २००२मध्ये ह्यूस्टनच्या ब्रूस मोसली आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांत तपासलं. काहींचा गुडघा खरंच साफ केला, काहींचा धुतला, काहींना फक्त वरून चिरा देऊन टाके घातले. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत दुखण्यात फरक नव्हता. सांधा बदलण्याचं ऑपरेशन हे वेगळं, आणि योग्य माणसाला ते फार मोठा दिलासा देतं. रात्री झोपू न देणारं दुखणं, पाय वाकडा होत जाणं, नीट केलेल्या व्यायामानंतरही घराबाहेर पडता न येणं, अशा वेळी त्याचा विचार करावा. ते ऑपरेशन झालं तरी हेच स्नायू लागणार आहेत, त्यामुळे आधी केलेला व्यायाम वाया जात नाही.

वरचं सगळं काही परिस्थितींत लागू नाही. गुडघा गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, पडल्यानंतर तासाभरात सुजला असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर व्यायाम सुरू करू नका, आधी तपासून घ्या. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर ते झिजेशी जुळतं. तासाहून जास्त राहत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधेही धरत असतील, तर तो वेगळा, रोगप्रतिकारशक्तीतून होणारा संधिवात असू शकतो, आणि त्याला औषध लवकर सुरू होणं गरजेचं असतं. शिवाय खुब्याला आणि गुडघ्याला काही मज्जातंतू सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं कधीकधी फक्त गुडघ्यात जाणवतं. आईंना पाठीवर झोपवून गुडघा दुमडा आणि पाऊल हळूच बाहेर नेऊन मांडी आतल्या बाजूला वळवा. जांघेत कळ आली किंवा डाव्यापेक्षा खूपच कमी वळलं, तर खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा.

पुढचं नेमकं सांगायचं तर मला चार गोष्टी कळवा: एक्स-रे उभं राहून काढलाय का, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, आणि मधुमेह किंवा हृदयाचं काही आहे का. मधुमेह असेल तर पायाची संवेदना तपासल्याशिवाय लांब चालायला लावू नका.